"लेबल वाचा" म्हणे!

आज पुन्हा ग्रोसरीच्या नाश्त्याच्या रांगेत वीस मिनिटं गेली. एका हातात सीरिअलचं खोकं, दुसऱ्या हातात फोनचा टॉर्च. हल्ली माझं वाचन ते एवढंच!

नवऱ्याला दोन वर्षांपूर्वी इथे व्हर्जिनियात, मागच्या अंगणात गवत काढताना गोचीड चावली आणि अल्फा-गॅलची ॲलर्जी मागे लागली. ही एक साखर. माणसात नसते, पण गाय, बकरा, डुक्कर अशा सस्तन प्राण्यांत असते. मटण बंद; चिकन, मासे, अंडी चालतात. काहींना दूधही सोसत नाही. गंमत (?) म्हणजे त्रास होतो दोन ते सहा तासांनी. सकाळी आठला खाल्लेलं दुपारी मीटिंगमध्ये गांधी होऊन उठतं, श्वास अडकतो. तेव्हा नाश्त्यावर संशय कोण घेणार?

सगळे सांगतात, "लेबल वाचा." अहो, वाचते ना! साखरेचा थर दिलेल्या गव्हाच्या सीरिअलमध्ये जिलेटिन असू शकतं. गव्हात कशाला? तर थर चिकटायला. बरं, जिलेटिन निदान लिहितात तरी. 'नॅचरल फ्लेवर'चं काय? इथल्या नियमातल्या त्याच्या व्याख्येत मांसही बसतं. मोनो-डायग्लिसराइड तेलाचे की चरबीचे? ड जीवनसत्त्व बरेचदा मेंढीच्या लोकरीच्या मेणापासून काढतात. 'व्हीगन' छापलेलंही डोळे मिटून घ्यायची सोय नाही, कारण कॅरागीनन समुद्री शेवाळाचं असूनही काहींना बाधतं. एका कंपनीला फोन केला. बाई गोड आवाजात म्हणाली, रेसिपी गुप्त आहे. माझ्या नवऱ्याचा घसा सुजला तर तोही गुप्तच ठेवायचा का?

२००४च्या कायद्याने इथे आठ ॲलर्जन स्पष्ट लिहिणं सक्तीचं केलं. २०२१मध्ये तीळ नववा आला. फार चांगलं झालं. पण या यादीत सस्तन प्राणी नाहीत. सीडीसीने २०२३मध्ये सांगितलं की २०१०पासून साडेचार लाखांपर्यंत लोकांना हा आजार झालेला असू शकतो. त्यांच्याच पाहणीत १००पैकी ४२ डॉक्टर-नर्स मंडळींनी याचं नावही ऐकलेलं नव्हतं. म्हणजे डॉक्टरला माहीत नाही, कंपनी सांगत नाही, आणि रसायनशास्त्र शिकायचं कुणी? पेशंटच्या बायकोने!

आपल्याकडच्या हिरव्या ठिपक्याला मी पूर्वी हसायचे. दुधाच्या बाबतीत तो आमच्या कामाचा नाही हे खरं, पण जिलेटिन घालून तो लावता येत नाही. एवढंसं वर्तुळ छापायला शाई ती किती लागते? इथे 'सस्तन प्राण्यांपासून' असे दोन शब्द जड झालेत.

असो. घरी पोहे, उपमा चालू आहे. सोमवारी तो ऑफिसच्या कामासाठी चार दिवस हॉटेलात राहणार. बॅगेत एपिनेफ्रिनची दोन इंजेक्शनं ठेवली आहेत आणि पातळ पोह्यांचा चिवडा. हॉटेलच्या नाश्त्याला तर लेबलही नसतं.