सनदेपूर्वीची शिदोरी

कॅनडात वकील होऊ इच्छिणाऱ्याला विधी विद्यालयाच्या दारात उभे राहण्यापूर्वी आणखी काहीतरी होऊन यावे लागते. बारावी झाली की थेट कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश, ही जी वाट आपल्याकडे आता रुळली आहे, ती तेथे नाही. क्वेबेक प्रांत वगळला तर बहुतेक विधी विद्यालये किमान तीन वर्षांचे विद्यापीठीय शिक्षण मागतात, आणि प्रत्यक्षात बहुसंख्य विद्यार्थी पूर्ण पदवी घेऊनच येतात. ती पदवी कोणत्या विषयातली असावी याचे बंधन नाही. कोणी रसायनशास्त्र शिकलेला, कोणी वाणिज्य, कोणी संगीत. कोणी काही वर्षे रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करून आलेली. त्यानंतर तीन वर्षे कायदा, मग प्रांताच्या विधिसंस्थेची परीक्षा आणि अनुभवी वकिलाच्या हाताखाली उमेदवारी. ऑन्टारिओ प्रांतात ही उमेदवारी आठ ते दहा महिन्यांची असते. ज्या घरांत एखादा मुलगा सी.ए.ची आर्टिकलशिप करून गेला आहे, त्यांना तिचे स्वरूप निराळे सांगावयास नको.

इंग्लंडमध्ये न्यायालयात युक्तिवाद करणारा बॅरिस्टर वेगळा आणि दस्तऐवज करणारा सॉलिसिटर वेगळा. कॅनडाने ही विभागणी ठेवली नाही. एकाच सनदेने माणूस दोन्ही होतो. अपवाद पुन्हा क्वेबेकचाच. तेथे फ्रेंच परंपरेतला दिवाणी कायदा चालतो आणि वकील व नोटरी हे दोन स्वतंत्र व्यवसाय आहेत. तेथील नोटरी म्हणजे आपल्या कचेरीबाहेर शिक्का घेऊन बसणारा गृहस्थ नव्हे, तर घराचे गहाणखत, विवाहपूर्व करार, मृत्युपत्र अशी कामे करणारा पूर्ण शिकलेला विधिज्ञ होय. उरलेल्या देशात मात्र सनद सर्वांची सारखी. घटस्फोटाचा दावा चालविणारा आणि औषधाच्या पेटंटचा वाद लढविणारा यांच्या भिंतीवरची चौकट एकच. आपल्याला न झेपणारे काम वकिलाने स्वीकारू नये, असा व्यवसायनियम आहे. पण काय झेपते हे सनदेवरून कळत नाही. ते कळते त्या माणसाच्या पूर्वायुष्यावरून.

पेटंटच्या क्षेत्रात हे सर्वांत ठळकपणे दिसते. एखाद्या रेणूची रचना किंवा यंत्राचा नवा भाग आधीच्या शोधाहून कसा वेगळा आहे, हे ज्याला स्वतःलाच उमगत नाही तो ते न्यायाधीशाला काय पटविणार? म्हणून या पेढ्यांत अभियंते, रसायनशास्त्रज्ञ, जीवशास्त्रज्ञ मोठ्या संख्येने आढळतात. पेटंट कार्यालयापुढे अर्ज चालविणाऱ्या एजंटाची परीक्षा स्वतंत्र आहे आणि त्यासाठी वकील असावेच लागते असे नाही. काही जण दोन्ही परवाने बाळगतात. २०२१ पासून या एजंटांचे नियमन त्यांच्यासाठीच स्थापन झालेले स्वतंत्र महाविद्यालय करते. येथे महाविद्यालय म्हणजे शिकविणारी नव्हे, तर परवाना देणारी आणि शिस्त लावणारी संस्था, हे ध्यानात ठेवावे.

व्यापारी कुटुंबाला अधिक जवळचा असतो तो करविषयक वकील. हा बहुधा वाणिज्य शाखेतून आलेला असतो. कित्येक जण आधी लेखापाल होऊन, ताळेबंद आणि विवरणपत्रांत वर्षे घालवून मग कायद्याकडे वळतात. काहींनी सरकारच्या न्याय विभागात नोकरी केलेली असते. कर न्यायालयात महसूल खात्याची बाजू हाच विभाग मांडतो. ती बाजू काही वर्षे मांडलेला माणूस खासगी पेढीत आला की खाते कोठे ताणते आणि कोठे तडजोडीला येते, याचा अंदाज सोबत आणतो. कर न्यायालयाची एक साधी कार्यपद्धतीही आहे. एका आकारणीतील वादग्रस्त कर व दंडाची रक्कम २५,००० डॉलरपर्यंत असेल तर करदात्याला तीत वकिलाशिवाय, आपल्या हिशेबनिसाला घेऊनही उभे राहता येते. मग वकिलाचा खर्च कशाला, असा हिशेबी प्रश्न येथे कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर रकमेत नाही, गोपनीयतेत आहे. वकिलाने अशिलाला दिलेल्या कायदेशीर सल्ल्याला तेथे न्यायालयाचे भक्कम संरक्षण असते. तो सल्ला उघड करण्यास महसूल खाते भाग पाडू शकत नाही. हिशेबनिसाशी झालेल्या पत्रव्यवहाराला तसे स्वतंत्र संरक्षण नाही. तोच गृहस्थ लेखापालही असेल आणि वकीलही, तर कोणत्या भूमिकेत तो बोलत आहे याला मोठे महत्त्व येते. वर्षानुवर्षे एकाच मुनिमावर विसंबणाऱ्या घरांनी हा भेद मुद्दाम समजून घ्यावा.

स्थलांतराच्या कामात पडणारे वकील पुष्कळदा स्वतःच कधीतरी परदेशातून आलेले असतात. अर्ज, मुलाखत, प्रतीक्षा, कुटुंबापासूनची ताटातूट हे त्यांनी घरात सोसलेले असते. या क्षेत्रात मानधन घेऊन प्रतिनिधित्व करण्याचा अधिकार कायद्याने मोजक्यांनाच आहे: सनदी वकील, क्वेबेकचे नोटरी, ऑन्टारिओचे परवानाधारक पॅरालीगल आणि स्थलांतर-सल्लागारांच्या महाविद्यालयाचे परवानाधारक सदस्य. याबाहेरचा कोणी ‘ओळख आहे, काम करून देतो’ म्हणत पैसे मागत असेल, तर तो बेकायदा व्यवहार आहे, मग तो मनुष्य आपल्या गावचा का असेना. परवाना खरा की खोटा, हे त्या त्या संस्थेच्या सार्वजनिक नोंदवहीत कोणालाही पाहता येते.

कौटुंबिक कायद्यात समाजकार्याचे शिक्षण उपयोगी पडते. टोरोंटो विद्यापीठ कायदा आणि समाजकार्य या दोन्ही पदव्यांचा जोड अभ्यासक्रमच चालविते. व्हिक्टोरिया विद्यापीठाने २०१८ मध्ये त्याहून निराळे पाऊल टाकले: कॅनडाचा कायदा आणि तेथील आदिवासी जमातींच्या स्वतःच्या न्यायपरंपरा एकत्र शिकविणारी पदवी सुरू केली. मिशेल ओबोनसॉविन या ओडानाकच्या अबेनाकी समाजातील विदुषी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या आदिवासी न्यायमूर्ती झाल्या. त्यांची वकिली कोणत्याही मोठ्या पेढीत नव्हे, तर पोलीस दलाच्या व टपाल खात्याच्या कायदा विभागांत आणि ओटावातील मानसिक आरोग्याच्या रुग्णालय समूहात घडली. महमूद जमाल यांचा जन्म नैरोबीतल्या भारतीय वंशाच्या कुटुंबातला. इंग्लंडमार्गे १९८१ मध्ये ते एडमंटनला आले, प्रथम अर्थशास्त्र शिकले, मग कायदा. २०२१ मध्ये तेही त्याच न्यायालयात गेले.

परंतु आधीच्या आयुष्याचा उपयोग वकिलीत कसा होतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण बर्था विल्सन यांचे आहे. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या, ॲबर्डीन विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकलेल्या या बाई एका धर्मोपदेशकाच्या पत्नी. १९४९ मध्ये पतीसह त्या ऑन्टारिओतील रेनफ्रू या लहानशा गावी आल्या. पती नौदलात धर्मगुरू म्हणून गेल्यावर त्यांनी ओटावात दंतवैद्यांच्या दवाखान्यात स्वागतिकेची नोकरी धरली. पुढे बिऱ्हाड हॅलिफॅक्सला हलले आणि तिशी ओलांडलेल्या बर्थाबाईंनी डलहौसी विद्यापीठाच्या विधी शाखेत प्रवेश मागितला. तेथील अधिष्ठात्यांनी त्यांना, हा अभ्यास फावल्या वेळेचा उद्योग नव्हे, त्यापेक्षा घरी जाऊन विणकाम करावे, असे सुनावले. बर्थाबाई घरी गेल्या नाहीत. १९५७ मध्ये त्या पदवीधर झाल्या.

टोरोंटोच्या एका मोठ्या पेढीने त्यांना उमेदवार म्हणून घेतले खरे, पण अशिलांपुढे न बसविता मागच्या खोलीतले काम दिले: इतर वकिलांच्या प्रकरणांसाठी कायद्याचे संशोधन आणि अभिप्राय. हे काम म्हणजे खरे तर अडगळ. त्यांनी तिचा विभाग केला. सर्व जुने अभिप्राय जपून, विषयवार लावून, पुन्हा सापडतील असे ठेवले. थोड्याच वर्षांत पेढीतला प्रत्येक ज्येष्ठ वकील अडचणीत त्यांच्या टेबलाशी येऊ लागला. १९६८ मध्ये त्या पेढीच्या पहिल्या महिला भागीदार झाल्या आणि १९८२ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती. नवऱ्याची वर्षानुवर्षे मारहाण सोसलेल्या स्त्रीची मनःस्थिती ज्युरीने कशी समजून घ्यावी, याविषयीचा १९९० चा गाजलेला निकाल त्यांच्या लेखणीतला आहे. लहान गावातील घराघरांत धर्मोपदेशकाची पत्नी म्हणून जाऊन बसलेल्या बाईलाच तो तसा लिहिता आला असावा, असे तो वाचताना वाटते.

या व्यवसायाचे दार सर्वांना उघडे होते, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने १९०७ मध्ये हिंदुस्थानातून आलेल्यांचा मताधिकार काढून घेतला, आणि त्या प्रांतात वकिलीचा मार्ग मतदारयादीतून जात होता. यादीत नाव नाही, तर सनद नाही. माणूस कितीही शिकलेला असो. १९४७ मध्ये, भारत स्वतंत्र झाला त्याच वर्षी, हा मताधिकार परत मिळाला. लिंकन अलेक्झांडर यांची गोष्ट वेगळी, पण जातकुळी तीच. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात सेवा केलेले हे कृष्णवर्णीय तरुण पदवी घेऊन हॅमिल्टनच्या एका पोलाद कंपनीत विक्रेता होऊ पाहत होते. पोलाद विकण्याची पात्रता त्यांच्याजवळ होती. कंपनीने त्यांना पूर्वीसारखे भट्टीवरचे काम तेवढे देऊ केले. तेव्हा ते कायद्याकडे वळले. १९६८ मध्ये ते कॅनडाच्या संसदेतील पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले. टोरोंटोतील एका विधी विद्यालयाला आज त्यांचे नाव आहे. एका चांगल्या विक्रेत्याला मुकल्याचे त्या कंपनीला पुढे काय वाटले असेल ते असो.

आणि जेकब सिल्बरमन. पोलंडमधील क्रॅकोच्या जुन्या विद्यापीठातून ते कायदा शिकले. सप्टेंबर १९३९ मध्ये, महायुद्धाला तोंड फुटले त्याच आठवड्यात, त्यांचे लग्न झाले. पुढे नाझींच्या छळछावण्या. अडीच वर्षांचा मुलगा तेथे गेला. युद्ध संपल्यावर पतिपत्नी जर्मनीतील श्टुटगार्टच्या निर्वासित छावणीत राहिले. तेथे जेकब यांनी निर्वासितांसाठी कायदेशीर साह्याचे काम उभे केले, आणि तेथेच १९४६ मध्ये त्यांना मुलगी झाली, रोझली. १९५० मध्ये हे कुटुंब कॅनडात उतरले. जेकब सनदेची चौकशी करण्यास गेले, तेव्हा त्यांना सांगण्यात आले की जो नागरिक नाही त्याला वकिली करता येत नाही. नागरिकत्वाला वर्षे लागणार होती आणि घरी खाणारी तोंडे होती. त्यांनी विम्याची एजन्सी घेतली. ते विमाच विकत राहिले. मुलीने चारच वर्षांची असताना वकील होण्याचे ठरविले होते. ती विधी शाखेची पदवी घेण्याच्या सुमारास, १९७० मध्ये, ते वारले.

रोझली अबेला यांनी जेमतेम चार वर्षे वकिली केली. १९७६ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, त्या कौटुंबिक न्यायालयाच्या न्यायाधीश झाल्या, तेव्हा त्या गरोदर होत्या. लहानपणापासून त्या पियानो शिकल्या होत्या आणि त्यातही त्यांनी रीतसर पदविका मिळविली होती. १९८४ मध्ये नोकऱ्यांतील समानतेविषयीच्या शाही आयोगाचे काम त्यांनी एकटीने पार पाडले. माणसाची खरी पात्रता न पाहता त्याच्यावर चिकटविलेल्या लक्षणांवरून त्याची संधी रोखली जाते, तो भेदभाव होय, मग तसा हेतू असो वा नसो, अशी त्यांनी अहवालात मांडणी केली.

पुढे ब्रिटिश कोलंबियात मार्क ॲन्ड्रूज नावाचे एक ब्रिटिश नागरिक सनद मागण्यास गेले. ते ऑक्सफर्डचे शिकलेले, कॅनडात कायम वास्तव्याचा हक्क मिळविलेले. प्रांताच्या सर्व अटी त्यांनी पुऱ्या केल्या होत्या. राहिली ती एकच, नागरिकत्वाची. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८९ मध्ये न्यायालयाने ही अट राज्यघटनेतील समानतेच्या हक्काविरुद्ध ठरवून रद्द केली. ती टिकू शकत नाही हे सांगणाऱ्या बहुमतात न्यायमूर्ती बर्था विल्सन होत्या. भेदभाव म्हणजे काय, हे ठरविताना न्यायमूर्ती मॅकिंटायर यांनी आधार घेतला तो अबेला आयोगाच्या अहवालाचा. ज्या अटीने जेकब सिल्बरमन यांना विमा विकावयास लावला, ती काढून टाकणाऱ्या निकालपत्रात त्यांच्या मुलीचे शब्द आहेत. २००४ मध्ये रोझली अबेला स्वतः त्या न्यायालयाच्या न्यायमूर्ती झाल्या.

आज पुणे किंवा मुंबईत कायद्याची पदवी घेतलेली व्यक्ती कॅनडात गेली, तर तिला प्रथम तेथील विधिसंस्थांच्या महासंघाच्या राष्ट्रीय समितीकडे आपली कागदपत्रे तपासून घ्यावी लागतात. कोणते विषय पुन्हा द्यावयाचे हे समिती कळविते. कॅनडाच्या कायद्याची मूलतत्त्वे, राज्यघटना, प्रशासकीय कायदा, फौजदारी कायदा आणि व्यावसायिक नीती हे पाच विषय सर्वांनाच द्यावे लागतात. वर्षे लागतात, पैसा लागतो. मात्र नागरिकत्वाचा दाखला आता कोणी मागत नाही. समितीच्या परीक्षा ऑनलाइन असल्याने त्या भारतात राहूनही देता येतात.