आधी फिल्टर, मग बाटली
परवा मालेगावात मोसम पुलाजवळच्या एका गॅरेजात बसलो होतो. शेजारच्या गाडीवाल्याने इंजेक्टर साफ करायची बाटली टाकीत रिकामी केली आणि मिस्त्रीला विचारलं, ‘आता पिकअप येईल ना?’ मिस्त्रीने उत्तराऐवजी एअर फिल्टर काढून दाखवला. धूळ, तिच्यावर यंत्रमागाच्या कापसाची लव, अगदी गोधडी! मालेगावच्या गाडीचं पहिलं औषध हाच फिल्टर, हे मी ठासून सांगतो. बाटलीशी माझं वैर नाही. तिच्यात पॉलिइथरअमाइन असेल, तर ते पेट्रोल इंजेक्टरच्या तोंडावरचा कार्बन खरंच सोडवतं. पण थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात इंधन इनटेक व्हॉल्व्हला शिवतच नाही, मग तिथली काजळी टाकीतल्या औषधाने जाईल कशी? आणि डिझेलवाल्यांनो, तुमच्या कॉमन रेल इंजेक्टरची भोकं जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी. म्हणून डिझेल फिल्टर वेळेवर बदला, त्यातलं पाणी काढा. झिजलेला नोझल कुठल्याच द्रवाने भरून येत नाही, तो डिझेल पंप-इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्याकडे टेस्टिंगलाच न्यावा लागतो. त्या गाडीवाल्याने फिल्टर बदलला, आग्रा रोडला एक चक्कर मारली आणि आल्या आल्या दुसरी, न फोडलेली बाटली परत करायला दुकान गाठलं.