पोरं आपल्या भरवशावर मैदानात येतात

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. शिरूरहून दोन गाड्या भरून आम्ही न्हावरे-चौफुला रस्त्यानं दौंडला गेलो होतो. एका दिवसाची नॉकआउट टूर्नामेंट होती. मी टीमचा मॅनेजर. मॅनेजर म्हणजे काय, तर पुण्यात आयटीत नोकरी करणारा, शनिवार-रविवार गावी येणारा आणि पेट्रोलचे पैसे देऊ शकणारा माणूस. आमचा गोलकीपर सोळा वर्षांचा, बारीक अंगाचा, पण चेंडूवर झेपावताना कशाचीच पर्वा न करणारा.

उपांत्य सामन्याच्या दुसऱ्या हाफमध्ये समोरच्या फॉरवर्डचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. पोरगा चार-पाच सेकंद हललाच नाही. मग उठून बसला. मी पाण्याची बाटली आणि स्प्रे घेऊन धावलो. ‘कुछ नै होता रे, पानी मार, खडा हो,’ हे शब्द माझेच. त्यानं विचारलं, ‘भाई, स्कोर क्या है?’ मी सांगितलं, एक-एक. दोन मिनिटांनी गोलपोस्टमधून ओरडून त्यानं पुन्हा तेच विचारलं. आम्ही बाकावर हसलो. सामना पेनल्टीवर गेला, त्यानं एक पेनल्टी अडवली आणि आम्ही त्याला खांद्यावर घेतलं.

परतताना न्हावऱ्याच्या अलीकडे त्याला उलटी झाली. आम्ही वडापावाला दोष दिला. रात्री साडेअकराला त्याच्या अम्मीचा फोन आला, की पोरगा झोपलाय आणि उठवला तरी नीट उठत नाहीये. त्या रात्री त्याला पुण्याला नेलं. स्कॅन झाला, तीन दिवस दवाखान्यात काढले. जीव वाचला. पण पुढचे दोन महिने त्याला उजेड सहन होत नव्हता, पुस्तकाची ओळ दुहेरी दिसायची. बारावीची पूर्वपरीक्षा हुकली. आज तो रांजणगाव एमआयडीसीत कामाला आहे, हसतखेळत बोलतो. पण त्या दिवसाचा विषय निघाला की म्हणतो, ‘भाई, वो पेनल्टी मुझे यादच नै है.’

हे लिहितोय, कारण त्या दिवशी चूक करणारा माणूस अडाणी नव्हता. त्याच्याकडे इंजिनिअरिंगची पदवी होती. ऑफिसात सर्व्हर दहा मिनिटं बंद पडला तर आम्ही दोन पानी अहवाल लिहितो: काय झालं, कधी कळलं, कुणी काय केलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलायचं. मैदानावर पोरगा बंद पडला, तेव्हा मी स्प्रे मारला. नंतर कुणीतरी ‘नजर लागली’ म्हणालं, आणि तेच आमच्या क्लबचं शेवटचं निदान ठरलं.

डोक्याच्या माराबद्दल नियम इतका साधा आहे, की तो माहीत नसल्याची आता लाज वाटते. डोकं आपटल्यावर खेळाडू गोंधळलेला वाटला, तेच तेच विचारू लागला, तोल गेला, नजर शून्यात लागली, किंवा क्षणभरही शुद्ध हरपली, तर तो बाहेर. त्या दिवशी पुन्हा आत नाही. तो ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी नाही, कारण ठीक आहे की नाही हे सांगणारं यंत्रच हादरलेलं असतं. उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, हातापायाला मुंग्या किंवा फिट आली, तर थेट दवाखाना. पहिले एक-दोन दिवस त्याला एकटं सोडायचं नाही. पोरांचा मेंदू सावरायला मोठ्यांपेक्षा जास्त वेळ घेतो, म्हणून पुढचे किमान दोन आठवडे हेडर नाही, टक्कर नाही, आणि डॉक्टरला दाखवल्याशिवाय सामना नाही. २०२४च्या जुलैपासून फुटबॉलच्या नियमांतच अशा खेळाडूसाठी वेगळा, जादा बदली खेळाडू देण्याची सोय झाली आहे. स्पर्धेच्या आयोजकांनी ती स्वीकारायची असते. आपल्याकडच्या एकदिवसीय टूर्नामेंटच्या पत्रकात मी ती अजून पाहिलेली नाही. ‘पंचांचा निर्णय अंतिम राहील’ मात्र ठळक अक्षरांत असतं.

दुसरी गोष्ट हृदयाची. ५ डिसेंबर २००४ रोजी बेंगळुरूत फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या डेम्पो क्लबचा ब्राझिलियन स्ट्रायकर क्रिस्टियानो ज्युनिअर गोल करताना गोलकीपरला धडकला, कोसळला आणि गेला. तो देशातला मोठा सामना होता, टीव्हीवर दिसत होता. त्यानंतर सगळे जागे झाले असतील असं वाटेल. पण २०१२च्या मार्चमध्ये त्याच बेंगळुरूत, स्थानिक लीगच्या सामन्यात, बेंगलोर मार्सचा डी. वेंकटेश कोसळला. मैदानावर अॅम्ब्युलन्स नव्हती. त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तो सत्तावीस वर्षांचा होता. उलट, जून २०२१मध्ये कोपनहेगनला डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन कोसळला, तेव्हा सोबत्यांनी त्याला लगेच सांभाळलं, छाती दाबणं सुरू झालं, शॉक देणारं यंत्र मैदानावरच होतं. आठ महिन्यांनी तो पुन्हा खेळत होता.

कोपनहेगन शिरूरला आणता येणार नाही, हे मलाही कळतं. पण छाती दाबायला यंत्र लागत नाही. छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल. दुसऱ्यानं त्याच वेळी १०८ लावायचा. तिसऱ्यानं मैदानाच्या फाटकावर उभं राहून गाडीला वाट दाखवायची. हे एका संध्याकाळी शिकता येतं, आणि आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात एक तरी नर्स किंवा डॉक्टर आपा असतेच. तिला आजवर आपण बक्षीस वाटायलाही बोलावलं नाही, हा भाग वेगळा.

दौंड रेल्वेचं गाव आहे, राज्य राखीव पोलीस दलाचं गाव आहे. शिस्त, शिट्टी, सकाळचं धावणं या गोष्टी तिथल्या हवेतच आहेत. शिरूरला घोडनदीच्या काठावर आमची पोरं मुरमाड जमिनीवर खेळून मोठी झाली. दोन्हीकडे गुणवत्ता आहे. नाही ती व्यवस्था. बहुतेक क्लब म्हणजे एक व्हॉट्सअॅप ग्रुप, एक जाळी आणि पाइप वेल्ड करून केलेले दोन गोलपोस्ट. ते गोलपोस्ट जमिनीत रोवलेले नसतात, मागून दोन विटा टेकवलेल्या असतात, आणि छोटी पोरं त्यांच्या आडव्या दांड्याला लोंबकळत असतात. अमेरिकेत असे हलते गोलपोस्ट अंगावर पडून मुलं मेली, तेव्हा इलिनॉय राज्यानं त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. आपल्याला चार खुंट्या ठोकायच्या आहेत.

रमजानचंही बोललं पाहिजे, कारण आपल्या नाइट टूर्नामेंट त्याच महिन्यात भरतात. तरावीहनंतर सुरू झालेले सामने सहरीपर्यंत चालतात, आणि आठवी-नववीची पोरं तसल्याच डोळ्यांनी शाळेत जातात. रोजा ठेवून भर दुपारी प्रॅक्टिस करणाऱ्याला ‘शेर है’ म्हणणारे कोच मी पाहिलेत, आणि ‘रोजा है तो घर बैठ’ म्हणणारेही. दोघंही पोराच्या तब्येतीऐवजी स्वतःचं मत खेळवतात. एप्रिल २०२१मध्ये इंग्लंडमध्ये लेस्टर आणि क्रिस्टल पॅलेसच्या सामन्यात दोन्ही संघांनी आधीच ठरवून अर्ध्या तासानंतर खेळ क्षणभर थांबवला, म्हणजे वेस्ली फोफानाला रोजा सोडता यावा. गोलकीपरनं गोलकिक घ्यायला वेळ लावला, बस्स. ज्या देशात आपण अल्पसंख्य आहोत तिथं हे जमतं, तर आपल्याच मोहल्ल्यातल्या सामन्यात मगरिबच्या आधी किकऑफ का ठेवतो आपण?

आता ज्या विषयासाठी हे संपादकीय लिहायला घेतलं, तिथं येतो. वरचं सगळं सांगितलं की लोक माना डोलावतात. पुढचं सांगितलं की गप्प होतात.

एका क्लबचं नाव घेत नाही, कारण नाव घेतलं तर पोरं ओळखू येतील. तिथला कोच मनमिळाऊ होता. एका-दोघा पोरांना स्वतःच्या पैशानं बूट घेऊन द्यायचा, रात्री उशिरा मेसेज करायचा, बाहेरगावच्या सामन्याला त्यांना आपल्याच खोलीत झोपवायचा. एक पोरगा अचानक प्रॅक्टिसला यायचा बंद झाला. बूट त्यानं कुणाला तरी देऊन टाकले. मोठ्यांची बैठक झाली. मी तिथं होतो. बैठकीत पोराला कुणी बोलावलं नाही, त्याच्या अम्मीलाही नाही. ‘बात घर की घर में रहने दो. आधीच लोक आपल्याकडे बोट दाखवायला टपलेत,’ असं ठरलं. कोचला ‘तुम्ही थोडे दिवस थांबा’ असं अदबीनं सांगितलं गेलं. काही महिन्यांत तो दुसऱ्या गावात दुसऱ्या पोरांना शिकवू लागला. गुन्हा घडला होता की नाही, हे मला आजही माहीत नाही. कारण कुणी विचारलंच नाही. मीही नाही.

बदनामीची भीती खोटी नाही. मुसलमान नाव असलेल्या माणसाच्या चुकीची बातमी कशी फिरते, हे या मासिकाच्या वाचकांना मी काय सांगू? पण गप्प बसण्याचा हा रोग आपलाच आहे, हा समजही खोटा आहे. इंग्लंडमध्ये अँडी वुडवर्ड या माजी खेळाडूनं नोव्हेंबर २०१६मध्ये तोंड उघडलं, तेव्हा श्रीमंत, नामांकित क्लबांचे दरवाजे उघडावे लागले. २०२१च्या चौकशी अहवालात किमान २४० संशयित आणि ६९२ पीडितांची नोंद आहे. आपल्याकडे २०२२मध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या राष्ट्रीय संघाचा सहायक प्रशिक्षक युरोप दौऱ्यावरून परत बोलावून काढला गेला. मार्च २०२४मध्ये गोव्यात खेळायला आलेल्या हिमाचलच्या क्लबमधल्या दोन मुलींनी, हॉटेलच्या खोलीत शिरून आपल्याला मारहाण झाल्याची तक्रार केली, तीही राष्ट्रीय महासंघाच्या कार्यकारिणीतल्या माणसाविरुद्ध, आणि गोवा पोलिसांनी त्याला अटक केली. त्या मुली बोलल्या, म्हणून ते घडलं. धर्म, पैसा, राज्य सगळं वेगळं. मोठ्यांचं ‘वरचेवर मिटवू’ तेवढं सारखं.

शिवाय कायदा आपल्याला गप्प बसण्याची मुभा देत नाही. २०१२चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला लागू आहे, मुलगा असो वा मुलगी. कलम १९प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं किंवा घडण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळतं, त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. गुन्हा घडल्याचं कळूनही लपवला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाबद्दल लपवला तर एक वर्षापर्यंत. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्याला मात्र कायद्याचं संरक्षण आहे. पुरावा गोळा करणं आपलं काम नाही. मुलांसाठी १०९८ हा नंबर आहे. तो जाळीच्या खांबावर रंगवायला डबाभर रंगही लागत नाही.

माझा आग्रह दोन-तीनच गोष्टींचा आहे. कोच कुठल्याही पोराला एकट्यानं मेसेज करणार नाही. जे काय ते पालक असलेल्या ग्रुपवर. बाहेरगावी किमान दोन मोठी माणसं, आणि खोल्या पोरांच्या वेगळ्या. आणि तक्रार ऐकायला क्लबमध्ये एक व्यक्ती अशी, जी कोचची नातेवाईक नाही, शक्यतो बाई. ‘बाईचं मैदानात काय काम’ असं म्हणणाऱ्यांनी मुंब्र्याकडे पाहावं. तिथं ‘परचम’च्या बायकांनी २०१२च्या सुमारास मुलींचा फुटबॉल सुरू केला आणि मुलींना खेळायला हक्काची जागा मागितली. सुरक्षित मैदान म्हणजे काय, हे त्यांना कुणी वेगळं शिकवावं लागलं नाही.

यावर कोच चिडतात. त्यांचं चिडणं मला समजतं. शिफ्ट संपवून, झोप मोडून, फुकट शिकवणारी ही माणसं. त्यांच्याकडे संशयानं पाहिलं तर उद्या कोण येईल? पण दोन मोठी माणसं सोबत असण्याचा नियम प्रामाणिक कोचचंही रक्षण करतो. आणि पैशाचं म्हणाल तर गोलकीपरपेक्षा उंच ट्रॉफी, डीजे आणि पाहुण्यांच्या शाल-श्रीफळाला आपल्याकडे पैसे कधी कमी पडलेले नाहीत.

आमच्या क्लबनं गेल्या वर्षी हे नियम एका कागदावर लिहून पालकांच्या सह्या घेतल्या. दोन पालकांनी सही दिली नाही. एक कोच सोडून गेला. प्रथमोपचाराच्या पेटीतलं बँडेज पोरं पायमोज्यांवर बांधायला चोरतात, ते वेगळंच.

गेल्या महिन्यात दौंडच्या एका टीमशी सामना होता. आमचा सेंटरबॅक हेडर घेताना आपटला. उठला, म्हणाला ठीक आहे. तो जुना गोलकीपर हल्ली सुट्टीच्या दिवशी पोरांना शिकवायला येतो. तो माझ्याआधी आत धावला. त्यानं पोरासमोर उकिडवं बसून विचारलं, ‘आपण कुठल्या मैदानावर आहोत? शेवटचा गोल कुणी मारला? मागचा सामना कुणाशी होता?’ तिसऱ्या प्रश्नाला पोरगा अडखळला. आम्ही त्याला बाहेर काढलं. बदली खेळाडू संपले होते, दहा जणांवर खेळलो आणि दोन गोल खाल्ले. पोराचा बाप आठवडाभर माझा सलाम घेत नव्हता. काल त्याचा फोन आला, पोरगा प्रॅक्टिसला कधीपासून आणू म्हणून विचारत होता. मी म्हटलं, चाचा, डॉक्टरची चिठ्ठी घेऊन पुढच्या रविवारी.