डोंगरावरची दोन अक्षरे

निसर्गदृश्यांच्या छायाचित्रांवर आपण जे अभिप्राय देतो ते बहुधा दोनच जातींचे असतात. एक 'अप्रतिम', 'केवळ निःशब्द' अशा उद्गारांचा. दुसरा दुरुस्तीचा: क्षितिज किंचित कलले आहे, खालचा भाग रिकामा राहिला, ती विजेची तार तेवढी काढून टाका. पहिल्याने छायाचित्रकार सुखावतो, दुसऱ्याने त्याला थोडीफार मदतही होते. परंतु दोन्हींमध्ये ते छायाचित्र वाचले गेले असेलच असे नाही. कवितेविषयी कोणी 'सुंदर' म्हणून थांबला, किंवा दुसऱ्या ओळीत एक मात्रा जास्त झाल्याचे सांगून थांबला, तर त्याला आपण समीक्षा म्हणत नाही. छायाचित्राच्या बाबतीत मात्र एवढ्यावर आपले समाधान होते.

तार काढून टाकण्याची सूचना वरवर निरुपद्रवी वाटते. ती तशी नाही, हे ॲन्सेल ॲडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराच्या १९४४ मधील एका प्रसिद्ध छायाचित्रावरून ध्यानात येते. कॅलिफोर्नियातील लोन पाइन या गावाजवळून दिसणारा सिएरा नेवाडा पर्वत हा त्याचा विषय. मागे सूर्योदयाने उजळलेली हिमशिखरे, मधे काळोख्या टेकड्या, खाली उन्हाच्या तिरिपेत चरणारा एक घोडा. त्या टेकड्यांपैकी डावीकडच्या टेकडीवर गावातल्या शाळकरी मुलांनी गावाच्या नावाची 'एल पी' ही आद्याक्षरे पांढऱ्या रंगात भली मोठी रंगवून ठेवली होती. ॲडम्सने ती निगेटिव्हमधून शक्य तितकी नाहीशी केली आणि उरलेल्या खुणा कागदावरील प्रतींत बुजवल्या.

याबद्दल त्याच्यावर टीका झाली. ही टीका क्षितिज कलल्याच्या तक्रारीहून मूलतः वेगळी आहे. छायाचित्र चांगले की वाईट, असे ती विचारत नाही. ते कशाची ग्वाही देत आहे, असे विचारते. मनुष्याचा स्पर्श न झालेला पर्वत खरोखरच तेथे होता, की छायाचित्रकाराला तो तसा हवा होता? त्याच काळात ॲडम्स जवळच्या मान्झानार येथील छावणीत छायाचित्रे घेत होता. युद्धकाळात जपानी वंशाच्या अमेरिकनांना तेथे डांबून ठेवले होते. हे ठाऊक झाल्यावर त्या निर्मनुष्य पहाटेकडे पुन्हा पाहावेसे वाटते. छावणी त्या चित्रात असायलाच हवी होती, असे माझे म्हणणे नाही. चौकटीबाहेर काय राहिले, हे विचारण्याचा अधिकार मात्र पाहणाऱ्याला आहे.

अभिप्राय स्वीकारावा कसा, याचा धडाही येथेच मिळतो. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या 'एक्झाम्पल्स' या पुस्तकात ॲडम्सने ही टीका स्वतः नोंदवली आणि अक्षरे काढल्याचे उघडपणे सांगितले. त्याच्या लेखी तो डोंगरावरचा व्रण होता आणि तो कायम करण्याइतका आपण शुद्धतावादी नाही, असे त्याचे उत्तर होते. मला ते पटत नाही. आपल्या सह्याद्रीतल्या खिंडीतला शेंदूर फासलेला दगड जसा त्या डोंगराचाच भाग असतो, तशी ती अक्षरेही होती. तो डोंगर आपला आहे, असे एक गाव त्यांतून सांगत होते. तरीही ॲडम्सने टीका दडवली नाही, आणि टीकेपुढे नमून चित्रही बदलले नाही. मतभेदाला जागा ठेवणारा हा स्वीकार मला मोलाचा वाटतो.

याच ॲडम्सने १९३३ साली न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड स्टीग्लिट्झला आपली छायाचित्रे दाखवली होती. स्टीग्लिट्झने ती सारी एक शब्दही न उच्चारता पाहिली, संच बांधून ठेवला, मग तो पुन्हा सोडून सगळी छायाचित्रे पहिल्यापासून पाहिली. त्यानंतरच त्याने तोंड उघडले, आणि मनापासून दाद दिली. १९३६ मध्ये त्याने आपल्या दालनात ॲडम्सचे प्रदर्शनही भरवले. त्याच्या शब्दांना वजन आले ते त्या दुसऱ्यांदा पाहण्यामुळे, असे मी मानतो.

तेव्हा छायाचित्रातली विजेची तार काढून टाका, असे सांगण्यापूर्वी एकदा पुन्हा पाहावे; आणि ती कोणत्या वस्तीकडे जाते, हे छायाचित्रकाराला विचारावे.