पातेल्याची चौकशी

यकृताच्या संशोधनाविषयी आपल्या वृत्तपत्रांतून जे काही छापून येते त्यात प्रत्यारोपणाच्या शस्त्रक्रिया, परदेशी प्रयोगशाळा आणि नवनवी यंत्रे यांचाच बोलबाला असतो. त्यामुळे या विषयातील एका अव्वल दर्जाच्या कामाचा मोठा भाग पुण्यात पार पडला आणि त्याची किल्ली अखेर स्वयंपाकघरात सापडली, याची आठवण खुद्द पुणेकरांनाही क्वचितच असते.

जुन्या पिढीला ‘बालयकृत’ हे नाव उच्चारतानाही धास्ती वाटत असे. अंगावरचे दूध सुटू लागलेले मूल किरकिर करू लागावे, त्याचे पोट वाढावे, उजव्या बरगडीखाली यकृताची टणक कड हाताला लागावी, मग कावीळ, मग जलोदर, आणि काही महिन्यांतच सारे संपावे, असा तो क्रम होता. कलकत्त्यात १८८७ साली या रोगाचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि त्यानंतरची जवळजवळ शंभर वर्षे कारणाविषयी केवळ तर्क चालू राहिले. एकाच घरातील दोन-दोन भावंडे दगावत, म्हणून कोणी आनुवंशिकतेला दोष दिला, कोणी विषाणूला, कोणी धान्यावरील बुरशीच्या विषाला. आणि घरोघरी, नेहमीप्रमाणे, आईच्या दुधाला व तिच्या पायगुणाला.

सूक्ष्मदर्शकाखाली मात्र हे यकृत दारुड्याच्या किंवा काविळीने खंगलेल्याच्या यकृतासारखे सरसकट नव्हते. येथे तंतू एकेका पेशीभोवती वेलीसारखे वेढा घालीत, आणि ऑर्सीन नावाच्या रंगाने पेशींच्या आत गडद कण उमटत. ते कण तांब्याला धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचे होते. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम शुष्क भारात तांबे साधारणतः ५० मायक्रोग्रॅमच्या आत असते. या मुलांत ते कित्येकदा हजारावर भरले. आतड्यातून शोषलेले बहुतेक पदार्थ प्रथम यकृताच्या दरबारात रुजू होतात आणि नको असलेले तांबे तेथून पित्तावाटे बाहेर पडते. तान्ह्या मुलाची ही निकासाची वाट अद्याप पुरती मोकळी झालेली नसते, हे ध्यानात घेतले म्हणजे एवढा साठा त्या वयात काय करील याची कल्पना येते.

परंतु तांबे आले कोठून? हा प्रश्न काचपट्टीला विचारून सुटणारा नव्हता. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी, इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्या सहकार्याने, तो आयांना विचारला : वरचे दूध कोणत्या महिन्यात सुरू केले, ते कशात तापवले, तापवून कशात ठेवले? १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधाचा रोख या जबान्यांतून निघालेल्या उत्तरावर होता : पितळेचे भांडे. आजारी मुलांना वरचे दूध फार लवकर सुरू झालेले असे आणि ते बहुधा पितळी वा तांब्याच्या भांड्यात तापवलेले, तासन्तास ठेवलेले असे. ताक पितळेत कळकते हे आपल्या आज्यांना पक्के ठाऊक होते, म्हणून आंबट वस्तू त्या पितळेत ठेवीत नसत. दूध मात्र कळकत नाही, त्याची चव बदलत नाही, आणि त्यातील केसीन हे प्रथिन तांबे निमूटपणे उचलून घेते, हे कोणाला कळावे! वर्षातून दोनदा दारात येणाऱ्या कल्हईवाल्याचे कथील तळाशी झिजले, की बाळाच्या वाटीत काय उतरते ते डोळ्यांना दिसत नसे.

यावर आक्षेपही आले. पितळेतले दूध पिऊन लाखो मुले वाढली, मग थोडीच का दगावली? आक्षेप रास्त आहे. एखादी जन्मजात दुर्बलता जोडीला असावी, असे मानणारे जाणकार आजही आहेत. परंतु ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतात १९०० ते १९७४ या काळात असेच १३८ बालरुग्ण आढळले आणि तेथेही शेतकऱ्यांच्या घरी बाळाचे दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात उकळले जाई, हा पुरावा मला निर्णायक वाटतो. भांडी बदलली आणि दोन्हीकडे रोग ओसरला. तांबे शरीराबाहेर काढणाऱ्या पेनिसिलामाइन या औषधाने, रोग फार पुढे गेलेला नसताना, काही मुले वाचलीही. परंतु खरे काम स्टीलच्या पातेल्याने केले.

आज तांब्या-पितळेची भांडी ‘परंपरा’ म्हणून दामदुपटीने विकली जात आहेत. प्रौढाने तांब्याच्या तांब्यातले पाणी प्यावे, त्याला माझी हरकत नाही. मात्र त्या दुकानात तान्ह्या बाळाच्या दुधाविषयी एक अक्षरही लिहिलेले नसावे, याला आहे.

माझी मुख्य तक्रार संशोधनाच्या अंदाजपत्रकाबद्दल आहे. यंत्रांना लाखांनी मंजुरी मिळते; रुग्णाच्या घरी जाऊन चौकशी करणाऱ्या माणसाच्या पगाराची तरतूद मात्र शेवटच्या ओळीत असते आणि पहिल्या कपातीत जाते. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांतील यकृतदाहाची नोंद प्रसिद्ध केली. तीवर वनस्पतीच्या ओळखीपासून वाद माजला. पण तो वाद होऊ शकला तोच मुळी कोणीतरी ‘काढा घेता का?’ असे विचारले म्हणून. रोग्याच्या कागदावर दारूचा रकाना असतो, औषधांचा असतो; काढे, चूर्णे, भस्मे आणि भांडी यांचाही असावा, आणि तो भरण्यासाठी विद्यार्थ्याला अर्धा तास बसू द्यावे, एवढीच वैद्यकीय महाविद्यालयांकडे मागणी आहे. तिला मोठा खर्च लागत नाही, आणि बहुधा म्हणूनच ती कोणाच्या अहवालात येत नाही.