आगपेटीत मावणारी मोटार

पन्नाशी उलटलेला माणूस पोस्टाची तिकिटे जमवू लागला, तर लोक त्याला छंदिष्ट म्हणतात. जुनी नाणी जमविली, तर विद्वान म्हणतात. अडकित्ते आणि समया जमविल्या, तर गावात आलेल्या पाहुण्यांना मुद्दाम त्याच्या घरी नेतात. पण त्याच माणसाने खेळण्यातल्या मोटारी जमवायला घेतल्या, की मंडळी त्याच्याकडे न पाहता त्याच्या बायकोकडे पाहतात; आणि तेही सहानुभूतीने! आमच्या कुडाळात तर असली बातमी मासळीच्या पिशवीतून घरोघर पोहोचते.

माझ्या कपाटात अशा दोनशेच्या वर मोटारी आहेत. वर्षभर या पानावर मी हा विषय टाळला. पण दिवाळीचा अंक आहे; चकली-कडबोळ्यांबरोबर थोडा पोरकटपणाही वाचक गोड मानून घेतील, अशा भरवशावर आज लिहितो.

आमच्या लहानपणी कोकणात मोटार ही विकत घ्यायची वस्तू नव्हती, करायची वस्तू होती. पोफळीच्या विरीवर एकाने बसायचे आणि दुसऱ्याने ओढायचे, ही झाली प्रवासी गाडी. सायकलचा टाकाऊ टायर काठीने पळवायचा, ही झाली खासगी गाडी. आणि रिकाम्या आगपेटीला माडाच्या हिरांचे आस घालून, त्यांना सरबताच्या बाटल्यांची पत्र्याची बुचे लावली, की मालट्रक तयार! तो चार हात चालायचा आणि मोडायचा. मग दुसरी आगपेटी रिकामी होण्याची वाट पाहायची. त्यासाठी आईची चूल वाजवीपेक्षा अधिक वेळा पेटवून देणारी मुलेही आमच्या आळीत होती.

गंमत अशी, की जगातल्या खेळण्यातल्या मोटारींना मोठे केले ते आगपेटीनेच. लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ या दोघांनी १९४७ साली लंडनमध्ये धातूच्या ओतकामाचा एक लहानसा कारखाना काढला. आडनाव एक, पण नाते काही नाही. दोघांच्या नावांचे तुकडे जोडून त्यांनी त्याचे नाव ठेवले ‘लेस्नी’. जॅक ओडेल नावाचा साचे घडविणारा कसबी माणूस त्यांना येऊन मिळाला. या ओडेलच्या मुलीच्या शाळेचा नियम होता, की मुलांनी खेळणे आणायचेच असेल, तर आगपेटीत मावेल एवढेच आणावे. बापाने तिच्यासाठी पितळेचा इवलासा रोडरोलर घडविला आणि आगपेटीत घालून दिला. वर्गातल्या सगळ्याच मुलांना तो हवासा झाला. त्यातून १९५३ साली ‘मॅचबॉक्स’ मोटारी निघाल्या. आमची पोरे आगपेटीची मोटार करीत होती, त्यांनी आगपेटीत मावणारी केली!

त्याआधी लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीच्या ‘डिंकी’ मोटारी १९३४ पासून बाजारात होत्या. १९५६ मध्ये ‘कॉर्गी’ आल्या, आणि १९६८ मध्ये अमेरिकेतून मॅटेलच्या ‘हॉट व्हील्स’ सुसाट धावत आल्या. पुढे डिंकीचा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला, लेस्नीचे १९८२ मध्ये दिवाळे निघाले. पण मधल्या काळात एक गोष्ट आपल्याही वाट्याला आली. डिंकीचे वापरून झालेले काही साचे साठीच्या दशकाच्या अखेरीस कलकत्त्याला आले, आणि तिथे ‘निकी टॉईज’ या नावाने मोटारी ओतल्या जाऊ लागल्या. साचा जुना झाल्यामुळे नाकीडोळी थोडी बोथट, आणि रंग शिमग्यात फासल्यासारखा जाड. तरी मला त्या आवडतात. थोरल्या भावाचा सदरा घातलेल्या धाकट्यासारख्या दिसतात. माझ्याकडे त्यांतल्या दोन आहेत. दोन्ही मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर, बंद पडलेल्या घड्याळांच्या ढिगाखाली सापडल्या.

आता या छंदातला एक धर्मसंकटाचा मुद्दा सांगतो. जाणकार संग्राहकांच्या लेखी मोटारीला जेवढी किंमत, तेवढीच तिच्या खोक्याला. खोके शाबूत, मोटार न हाताळलेली, म्हणजे भाव चढा. मुलाने खेळलेल्या, रंग उडालेल्या मोटारीला कोणी विचारीत नाही. म्हणजे ज्या खेळण्याशी कोणीही, कधीही खेळलेले नाही, तेच सर्वांत मोलाचे खेळणे!

गेल्या चतुर्थीला माझी बहीण मुंबईहून आली. तिची आठ वर्षांची मुलगी कपाटासमोर बराच वेळ हात मागे बांधून उभी राहिली. ‘हात लावायचा नाही’ हे तिला आईने बजावून ठेवले असावे. शेवटी तिने विचारले, “मामा, ह्या कधीच बाहेर काढत नाहीस?”

“नाही गं.”

“मग तू ह्यांचं करतोस काय?”

प्रश्न साधा होता. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच तो टाळता येईना.

खोक्यात ठेविले म्हणजे टिकते, हे तरी कुठे खरे आहे? या मोटारी ज्या धातूच्या असतात, तो मुख्यतः जस्त. त्यात चारेक टक्के अ‍ॅल्युमिनियम. पण ओतताना त्यात शिशाची भेसळ झाली, तर वर्षानुवर्षांनी आतूनच धातू फुगतो, तडकतो आणि शेवटी त्याचा भुगा होतो. युद्धापूर्वीच्या कितीतरी डिंकी अशाच, कपाटात बसल्या बसल्या संपल्या. या दुखण्यावर औषध नाही. दमट हवेत ते अधिक वेगाने वाढते, आणि आमच्याकडे तर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस! जिथे आषाढात भिंतीवरच्या पूर्वजांच्या तसबिरींना बुरशी येते, तिथे पुठ्ठ्याच्या खोक्याची काय कथा? मी डब्यांतून ओल शोषणाऱ्या पुड्या घालतो, पावसाळ्यापूर्वी प्रत्येक मोटार मऊ फडक्याने पुसतो. तरी सगळ्याच मोटारी मला पुरून उरतील, अशी खात्री देता येत नाही.

म्हणून मी मोटारी बाहेर काढतो त्या फोटोसाठी. आणि या छंदाची खरी मजा तिथेच आहे. चार मीटर लांबीची मोटार चौसष्टाव्या हिश्श्याने लहान केली, की ती साधारण सहा सेंटिमीटरची होते. त्याच हिशेबाने रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून अडीच सेंटिमीटरवर येतात. म्हणजे फोटो खरा वाटायला हवा असेल, तर कॅमेऱ्याचा डोळा तेवढा खाली गेला पाहिजे. उभ्याने काढलेल्या फोटोत खेळणे दिसते. जमिनीवर आडवे होऊन काढलेल्या फोटोत मोटार दिसते. मोबाइल फोन उलटा धरावा, म्हणजे त्याचा डोळा जमिनीला लागतो. फार जवळ जाऊ नये. थोडे दूर राहून काढावे आणि मग कडा छाटाव्यात, म्हणजे मोटारीचे नाक आणि शेपूट दोन्ही स्पष्ट येतात. उजेड सकाळचा किंवा उतरत्या उन्हाचा घ्यावा, कारण लांब सावल्यांनी लहान वस्तूला वजन येते.

एकदा विहिरीच्या काठाजवळ मी असाच पोटावर पडलो होतो. शेजारच्या काकी धावत आल्या. “भाऊनू, पडलास काय? पाणी हाडू?” मी म्हटले, “काकी, फोटो काढतोय.” त्यांनी मोटारीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि पाण्याचा तांब्या तसाच ठेवून गेल्या. पुढे लागलाच, तर असावा म्हणून!

निसर्गाने कोकणाला या कामासाठी जणू घडविले आहे. जांभ्या दगडाचे भोक बोटाएवढे. पण चौसष्टपट करून पाहा, त्याची गुहा होते. श्रावणात गडग्यावर जे शेवाळ दाटते, ते आंबोलीचे रान होते. दुर्वा म्हणजे बांबूची बेटे. एक गोष्ट मात्र जमत नाही. पाऊस लहान होत नाही! चार मिलिमीटरचा थेंब खेळण्याच्या टपावर पडला, की त्या हिशेबाने तो पाव मीटरचा होतो, आणि मोटारीवर काचेचे तांबे ठेवल्यासारखे दिसतात. कोकणातली मोटार आणि पावसाशिवाय, हे दुःख मी पदरी बांधून घेतले आहे.

या फोटोंच्या नादात एक उणीव मला बोचू लागली. इंग्रजांच्या दुधाच्या गाड्या, अमेरिकनांच्या शर्यतीच्या गाड्या, सगळ्या माझ्या कपाटात आहेत. आमच्या रस्त्यावरच्या गाड्या कुठे आहेत? दिल्लीच्या सेंटी टॉईजने अँबॅसडर आणि रिक्षा प्लास्टिकमध्ये काढल्या, त्यांचे उपकार आहेत. पण खऱ्या गाड्या भराभर निघून चालल्या. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. मुंबईत १९३७ पासून धावणाऱ्या डबलडेकरांतली शेवटची डिझेलची बस १५ सप्टेंबर २०२३ ला निघाली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेल्या पद्मिनीची शेवटची टॅक्सी त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस. ज्या टॅक्सीतून आमचा चाकरमानी दादर स्टेशनात यायचा, ती टॅक्सी आता भाचीच्या पिढीला दाखवायची कशी?

त्याहून जवळची गोष्ट सांगतो. माझे वडील एस.टी.त चालक होते. सावंतवाडी–बेळगाव गाडी घेऊन आंबोलीचा घाट त्यांनी किती वेळा चढला-उतरला, याचा हिशेब त्यांच्यापाशीही नाही. आज ते चौऱ्याऐंशीचे आहेत. त्यांची गाडी केव्हाच मोडीत निघाली. गाडीसमोर उभे राहून काढलेला त्यांचा एकही फोटो घरात नाही. त्या काळी फोटो लग्नात काढायचा असे, कामावर नव्हे.

तेव्हा मी सावंतवाडी गाठली. आमच्याकडून ती वीसेक किलोमीटर. तिथल्या चितारआळीतली लाकडी फळे, पाट, चौरंग आणि खेळणी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. एका कारागिराला मी मापे दिली, जुन्या एस.टी.चा एका मासिकातला धूसर फोटो दिला. खऱ्या बसच्या त्रेचाळिसाव्या हिश्श्याने जवळजवळ वीतभर लांबीची लाल बस त्याने महिनाभरात घडविली. मी ती वडिलांच्या मांडीवर ठेविली. त्यांनी ती फिरवून फिरवून पाहिली, मागून पाहिली, खिडकीतून आत एक डोळा लावला.

“शिडी खंय?” ते म्हणाले. “लोकांचा सामान टपार चढवतलंस कसा?” मग आणखी थोड्या वेळाने, “आणि आतली दोरी? कंडक्टर घंटी कशी मारतलो?”

बस परत सावंतवाडीला गेली. शिडी तांब्याच्या तारेची झाली. आतून जाड दोरा ओवला, पुढे पैंजणातले एक घुंगरू बांधले. श्रावणात गडग्याच्या शेवाळी वळणावर ठेवून मी तिचा फोटो काढला आणि मोठा करून वडिलांपुढे धरला. चष्मा पुसून ते पाहत राहिले. फोटो छान आहे, असे ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले, “ह्या वळणार सेकंड गिअर घालूचो लागता.” आणि त्यांचा डावा हात खुर्चीच्या बाजूला, तिथे नसलेल्या दांड्यावर गेला. त्यानंतर तासभर ते घाटाविषयी बोलत होते. धुक्यात गाडी कशी हाकायची, दरड पडली की उतारूंची सोय कशी करायची. हे सारे मी पंचावन्न वर्षांत कधी ऐकले नव्हते, कारण कधी विचारलेच नव्हते.

वस्तू जपणे आणि वस्तू वापरीत ठेवणे, यांत आपण उगाच भांडण लावतो. कुडाळला लागून असलेल्या पिंगुळीत पाहा. तिथल्या परशुराम गंगावणे यांनी ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथीच्या पोथ्या सांभाळल्या, २००६ साली गुरांच्या गोठ्याचेच संग्रहालय केले, आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्या बाहुल्या नुसत्या टांगून ठेवलेल्या नाहीत. त्या नाचतात, म्हणून त्यांची कथा सांगणारा आवाजही शिल्लक आहे. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभे केलेले, १९९८ मध्ये उघडलेले छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय आहे. तिथे गाड्या रुळांवर धावतात. रुळावर उभी ठेवलेली आगगाडी पाहायला कोण तिकीट काढील?

भाचीच्या प्रश्नाचे उत्तर मी त्याच चतुर्थीत दिले. निकीची दुर्मिळ मोटार दिली नाही. तेवढा साधू मी झालेलो नाही. पण लाल बस दिली. दोन दिवस पडवीत सावंतवाडी–बेळगाव फेऱ्या चालू होत्या. चालक ती, आणि खुर्चीत बसलेले तिचे आजोबा कंडक्टर. दोनदा घंटी वाजल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा नियम त्यांनी पहिल्या फेरीलाच घालून दिला. तिसऱ्या दिवशी बस खांबावर आपटली, आणि उजव्या अंगाचा रंग चांगला बोटभर निघाला.

कारागीर म्हणाला, “आणून द्या, पुन्हा रंगवून देतो.” मी वडिलांना विचारले. त्यांनी मान हलविली.

“नको,” ते म्हणाले. “ओरखडो नाय ती गाडी डेपोच्या भायर पडूकच नाय.”