व्याजावांचून भांडवल

शारजा येथें यंत्रांच्या सुट्या भागांचा लहानसा कारखाना चालविणाऱ्या एका तरुणाच्या मातोश्रींनीं पुण्याहून आम्हांस पत्रानें विचारिलें आहे. नवें लेथ यंत्र घ्यावयाचें आहे. तेथील बँक म्हणते, आम्ही कर्ज देत नाहीं, 'मुराबहा' करितों. चिरंजीव म्हणतात, हें नांव बदललेलें व्याजच. घरांतील वडील मंडळींस निराळीच धास्ती : परक्या धर्मशास्त्रावर बांधलेला करार उद्यां अंगाशीं आला तर दाद कोठें मागावी? आखातांत ज्यांचे मुलगे, पुतणे, जांवई आहेत अशीं घरें आतां आपल्यांत थोडीं नाहींत. म्हणून उत्तर येथेंच देतों.

मूळ तत्त्व असें. कुराणानें व्यापारास मोकळीक दिली आणि 'रिबा' म्हणजे ऋणावरील वाढ निषिद्ध ठरविली. पैशानें आपण होऊन पैसा प्रसवूं नये. ज्यानें वस्तूची मालकी व तिच्या नाशाचा धोका पत्करिला त्यासच नफा, असा शास्त्रकारांचा आशय. त्यास जोडूनच 'घरर' म्हणजे करारांतील घोर अनिश्चितता आणि 'मैसिर' म्हणजे जुगार, हींही वर्ज्य. मद्याचा व डुकराच्या मांसाचा धंदाही तसाच. हें वाचून कोणी नाक मुरडण्याचें कारण नाहीं. वसिष्ठधर्मसूत्रानें ब्राह्मणक्षत्रियांस व्याजबट्ट्याचा धंदा मना केला आहे. आणि थकलेलें व्याज मुद्दलाइतकें झालें कीं वाढ थांबावी, हा दामदुपटीचा नियम हिंदु ऋणकोच्या बाबतींत मुंबईच्या हायकोर्टानेंही मानिला होता. कौटिल्याची वाट मात्र वेगळी. शेंकडा दरमहा सव्वा पण हें सामान्य व्याज, व्यापाऱ्यांस पांच, अरण्यांतून जाणारांस दहा, आणि समुद्रावर जाणारांस वीस! धोका जितका मोठा तितकें व्याज मोठें. मुसलमान शास्त्रकार म्हणतात, धोक्याचें व्याज घेऊं नका, धोक्यांत वांटेकरी व्हा.

आतां मुराबहा. समजा, यंत्राची किंमत एक लक्ष दिरहम आहे. बँक तें स्वतः विकत घेते आणि गिऱ्हाइकास एक लक्ष बारा हजारांस, चोवीस हप्त्यांनीं, विकते. मूळ किंमत किती व नफा किती हें उघड सांगणें हाच या विक्रीचा विशेष. एकदां ठरलेली किंमत हप्ता चुकल्यानें वाढत नाहीं. दंड घेतलाच तर तो आपल्या नफ्यांत न धरितां बँकेनें दानधर्मास द्यावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. खरी मेख क्रमांत आहे : यंत्र आधीं बँकेच्या मालकीचें झालें पाहिजे, मग विक्री. मधल्या काळांत तें जळालें तर बँकेचें जळालें. प्रत्यक्षांत बँक पुष्कळदां गिऱ्हाइकासच आपला मुखत्यार नेमते, तोच माल घेतो, आणि तिची मालकी कागदावर घटकाभर टिकते. शिवाय नफ्याचा आंकडा बहुधा बाजारांतील व्याजदर पाहूनच ठरतो. तेव्हां चिरंजीवांचा आक्षेप निम्मा खरा आहे. उरलेला निम्मा मात्र कारखानदाराच्या कामाचा. बाजारांत दर चढला तरी त्याचा हप्ता चढत नाहीं. उलट, सगळी रक्कम मुदतीपूर्वीं फेडली तर सूट मिळेलच असें नाहीं, कारण ती ठरलेली विक्रीची किंमत आहे. सूट पुष्कळदां बँकेच्या मर्जीवर असते. सहीपूर्वीं हें विचारून घ्यावें, आणि यंत्र बँकेच्या मालकीचें असतां विमा कोणाचा, हेंही.

इजारा हा शब्द तर आपल्या दप्तरांतलाच. येथें त्याचा अर्थ बँकेनें यंत्र भाड्यानें देणें. 'मुशारका' म्हणजे भागीदारी. तींत तोटा भांडवलाच्या प्रमाणांत. 'मुदारबा' म्हणजे एकाचें भांडवल व दुसऱ्याचे श्रम. नफा ठरल्याप्रमाणें, परंतु हयगय झालेली नसेल तर तोटा सगळा भांडवलवाल्याचा, दुसऱ्याचे श्रम तेवढे फुकट. तत्त्वास सर्वांत जवळचे हे दोन प्रकार, आणि बँका सर्वांत भितात त्याही यांसच. नफ्यांत वांटा घ्यावयाचा तर कारखानदाराच्या वहीवर विश्वास ठेवावा लागतो. आणि दोन वह्या ठेवणारे शारजेंत काय नि सदाशिव पेठेंत काय, सारखेच!

ही अर्वाचीन पद्धति सन १९६३ मध्यें मिसर देशांत मीत घम्र या गांवच्या बचतपेढीपासून धरितात. सन १९७५ मध्यें जेद्दा येथील इस्लामिक डेव्हलपमेंट बँक व दुबई इस्लामिक बँक निघाल्या. मोठ्या कंपन्या आज 'सुकूक' काढतात. रोखा म्हणजे ऋणपत्र. सुकूक म्हणजे इमारत, जहाज, भाडें अशा कांहीं मालमत्तेंतील हिस्सा. अर्थात् ज्या कंपनीजवळ दाखविण्याजोगी मालमत्ता नाहीं, तिला ही वाट अवघड. मलायांत शेल एमडीएस कंपनीनें सन १९९० मध्यें साडेबारा कोटी रिंगिटांचे सुकूक काढिले. सन २०१४ मध्यें ब्रिटिश सरकारनें वीस कोटी पौंडांचे. भांडवल पाहिजे असणारास धर्म विचारला जात नाहीं, इतकें यावरून दिसेल.

वडील मंडळींच्या धास्तीस मात्र आधार आहे, आणि तोही शारजेंतच. तेथील दाना गॅस कंपनीनें सन २०१७ मध्यें असें जाहीर केलें कीं, आपणच काढलेले सत्तर कोटी डॉलरांचे सुकूक आतां शरीयतीस धरून नाहींत, सबब ते बेकायदेशीर! पैसे घालणारांनीं हातावर हात धरून बसावें काय? मूळ करार तेथील कायद्याचा, परंतु कंपनीनें सुकूक परत विकत घेण्याचें दिलेलें वचन इंग्रजी कायद्याचें होतें. लंडनच्या न्यायालयानें त्याच वर्षीं नोव्हेंबरांत तें वचन बंधनकारक ठरविलें, आणि सन २०१८ मध्यें उभयपक्षीं तडजोड झाली. म्हणून शास्त्री मंडळाचा होकार करारास जोडला आहे एवढ्यावर न थांबतां, कोणता भाग कोणत्या देशाच्या कायद्यानें चालावयाचा, तें कलम आधीं वाचावें.

हेंच यंत्र येथें पिंपरीस घ्यावयाचें असतें तर? बँकांसंबंधींच्या सन १९४९ च्या कायद्याचें आठवें कलम बँकांस मालाच्या खरेदीविक्रीचीच मनाई करितें; तेव्हां मुराबहा मुळांतच अडतो. रघुराम राजन यांच्या समितीनें सन २००८ मध्यें बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती; रिझर्व्ह बँकेनें सन २०१७ मध्यें तो विषय पुढें न नेण्याचें ठरविलें. दोनदां विक्री झाली कीं दोनदां कर, ही दुसरी अडचण. इंग्लंडनें घरांच्या खरेदीपुरतें असलें दुहेरी मुद्रांकशुल्क सन २००३ मध्येंच काढून टाकलें.